रीडिंग हलतंय म्हणजे कार्ड गेलं? नाही!

अॅनालॉग इनपुटचं, म्हणजे सेन्सरकडून येणारं कमी-जास्त होणारं व्होल्टेज हलायला लागलं की पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) कार्ड गेलं, बदला! हा समज भोसरी-चाकणच्या शॉप फ्लोअरवर वर्षानुवर्षं चालत आलाय. त्यापायी चांगली कार्डं भंगारात जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

० ते १० व्होल्टच्या इनपुटचा रोध खूप जास्त असतो. त्यामुळे मोकळं सोडलेलं चॅनल (कार्डावरची एका सेन्सरची जोडणी) शेजारच्या केबलची ५० हर्ट्झची लुडबुड सहज उचलतं आणि स्क्रीनवर आकडे नाचतात. हा बिघाड नव्हे. सेन्सरच्या वायरी काढा, चॅनलचे प्लस-मायनस छोट्या तारेने जोडा. रीडिंग शून्यावर स्थिरावलं, तर कार्डावर संशय नको. मग ९ व्होल्टची बॅटरी लावा. मल्टीमीटर आणि स्क्रीनचा आकडा जुळायला हवा.

खरा दोष बहुतेकदा कॉमनमध्ये, म्हणजे व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजतात त्या शून्याच्या टोकात सापडतो. तीन वायरच्या सेन्सरला वेगळा २४ व्होल्टचा सप्लाय असतो, पण त्याचा शून्य व्होल्ट कार्डाच्या कॉमनला जोडलेलाच नसतो. मग व्होल्टेज मोजायचं कशाच्या तुलनेत?

केबलची शील्ड (वायरींवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केली असेल, तर दोन अर्थमधल्या फरकाने तिच्यातून करंट वाहतो आणि रीडिंग हलू शकतं. अशा वेळी ती फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करून पाहा.