बेथलहेम स्टील फुटबॉल क्लब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलहेम या पोलादनगरीचा व्यावसायिक फुटबॉल संघ. बेथलहेम स्टील या पोलाद कंपनीच्या पाठबळावर तो उभा राहिला आणि १९३० मध्ये विसर्जित झाला.

स्थापनावर्ष कोणते धरावे, यावर मतभेद आहेत. १९०७ च्या नोव्हेंबरात बेथलहेमच्या संघाने न्यू जर्सीतील वेस्ट हडसनकडून ११–२ असा सपाटून मार खाल्ला, तीच सुरुवात बहुतेक जण मानतात. मात्र कंपनीचे नाव संघाला १९१४ च्या सुमारास मिळाले. त्यामुळे आधीच्या संघाला हौशी कामगारांचा संघ म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. वेल्समध्ये जन्मलेले कंपनीचे अधिकारी एडगर लुईस यांनी ब्रिटिश बेटांतील खेळाडू आणण्यास उत्तेजन दिले. खेळाडूला कारखान्यात नोकरी मिळे. पगार कामाचा किती आणि खेळाचा किती, हे वेगळे काढणे अवघडच.

१ मे १९१५ रोजी लीहाय विद्यापीठाच्या मैदानावर ब्रुकलिन सेल्टिकला ३–१ ने हरवून संघाने राष्ट्रीय चॅलेंज चषक जिंकला. पुढे १९१६, १९१८, १९१९ आणि १९२६ मध्येही तो मिळवला. १९१९ चा स्वीडन-डेन्मार्क दौरा हा अमेरिकी व्यावसायिक क्लबाचा पहिला युरोप दौरा मानतात; राष्ट्रीय संघ मात्र १९१६ मध्येच स्कँडिनेव्हियात जाऊन आला होता.

विजेतेपदांची मोजदाद करताना १९२१–२२ चा हंगाम अडचणीचा ठरतो. अमेरिकन सॉकर लीग सुरू होताच चालकांनी संघ फिलाडेल्फियाला हलवला आणि ‘फिलाडेल्फिया फील्ड क्लब’ या नावाने तो पहिल्याच वर्षी अव्वल ठरला. पुढच्या हंगामात खेळाडू बेथलहेमला परतले, तर फिलाडेल्फियाचे नाव दुसऱ्या मालकांच्या संघाने चालू ठेवले. काही याद्यांत हे विजेतेपद बेथलहेमच्या खाती दिसते, काहींत नाही. खेळाडू तेच असल्याने पहिल्या मताकडे कल झुकतो. १९२६–२७ च्या लीग-विजयाबद्दल असा वाद नाही.

ग्लासगोत जन्मलेल्या आर्ची स्टार्कने १९२४–२५ मध्ये लीगमध्ये ६७ गोल केले.

१९२८ मध्ये राष्ट्रीय चषकावर बहिष्कार घालण्याचा लीगचा आदेश धुडकावल्याने संघाची हकालपट्टी झाली. ईस्टर्न सॉकर लीगमध्ये खेळून १९३० च्या वसंतात तो बंद पडला. २०१५ ते २०१९ या काळात फिलाडेल्फिया युनियनच्या दुय्यम संघाने हेच नाव घेतले होते. त्याची संस्था वेगळी.