घरगुती एचिंग यंत्र

छापील सर्किटची पाटी, म्हणजे पीसीबी, बनवताना तिच्यावरचे नको असलेले तांबे रसायनात विरघळवून काढावे लागते. या कामाला एचिंग म्हणतात. घरी, कमी खर्चात बांधलेल्या एचिंगच्या टाकीला हौशी मंडळी ‘यंत्र’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी तिची कामे दोनच, द्रावण हलते ठेवणे आणि ते कोमट ठेवणे. छापील सर्किटची कल्पना ऑस्ट्रियन अभियंता पाउल आइस्लर याने १९३६च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका रेडिओत वापरून दाखवली होती.

बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या पाटीवर ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर असतो. १० × १५ सेंमी.च्या एकतर्फी पाटीवर त्याचे वजन सुमारे पावणेपाच ग्रॅम भरते. ते सगळे विरघळवायला हिशेबाने २४ ग्रॅम निर्जल फेरिक क्लोराइड, म्हणजे एचिंगचे नेहमीचे रसायन, लागते. प्रत्यक्षात मार्गिकांचे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचे, तांबे शिल्लक राहते, म्हणून खप कमी होतो. टोनर किंवा मार्करची शाई त्या मार्गिका झाकून ठेवते. उघड्या तांब्याशी फेरिक क्लोराइडची क्रिया होऊन फेरस क्लोराइड आणि क्युप्रिक क्लोराइड तयार होते.

द्रावण स्थिर असले की पाटीला चिकटून थकलेल्या द्रावणाचा थर साचतो आणि काम रेंगाळते. गार द्रावणात तर अर्धा तासही जातो. तेवढ्या वेळात द्रावण शाईच्या कडेखाली शिरून बारीक मार्गिका कुरतडते. तेव्हा वेग वाढवण्यामागे घाईपेक्षा कड सुबक राहण्याचा हेतू मोठा. ताजे, कोमट आणि हलते द्रावण असेल तर पाच-दहा मिनिटांत काम उरकते.

सर्वांत स्वस्त रचना मत्स्यालयाच्या दुकानातून उभी राहते. काचेचे तुकडे सिलिकॉनने चिकटवून उभी, अरुंद टाकी करायची. आतून २० सेंमी. लांब आणि ४ सेंमी. रुंद टाकीत २० सेंमी. उंचीपर्यंत दीड लिटरच्या आसपास द्रावण मावते. पसरट ट्रेमधले द्रावण लवकर गार होते. तळाशी १ मिमी.ची छिद्रे पाडलेली प्लास्टिकची नळी बसवून ती हवेच्या पंपाला जोडतात. मत्स्यालयातला सच्छिद्र दगडही चालतो, पण तो गाळाने लवकर बुजतो. पंप द्रावणाच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर द्रावण नळीतून उलटे पंपात उतरते. आपल्याकडे वीज जाणार, हे गृहीतच धरलेले बरे.

माशांसाठीचा काचेचा हीटर ३२-३४ अंशांवर थांबतो. काम ४०-५० अंशांना जास्त चांगले होते, म्हणून काहीजण टाकीच गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात, आणि ती युक्ती हीटरइतकीच उपयोगी आहे. हीटर वापरत असाल तर द्रावणात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा आणि जोडणीवर ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा खटका, ठेवायचा. यात काटकसर नको.

टाकीत धातू नकोच. फेरिक क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडते आणि ॲल्युमिनियमशी तर जोरात भडकते, म्हणून पाटी धरायला प्लास्टिकची चिमटी किंवा नायलॉनचा दोरा वापरतात. फेरिक क्लोराइडची आम्लयुक्त वाफ आसपासच्या हत्यारांनाही गंज चढवते, त्यामुळे झाकण आणि मोकळी हवा हवीच. कपड्यावरचा तांबूस डाग निघत नाही. द्रावण गडद असल्याने आतली पाटी दिसत नाही आणि सारखी उचलून पाहावी लागते. त्याऐवजी वापरता येणारे सोडियम परसल्फेटचे द्रावण पारदर्शक असते आणि तांबे विरघळेल तसे निळे होत जाते, पण त्याला गरमी जास्त लागते.

वर्षाला एक-दोन पाट्या करणाऱ्याला ही टाकी कशाला हवी? त्याचे जुन्या डब्यात आणि हाताने हलवण्यात भागते.

संपलेले द्रावण मोरीत ओतू नये, कारण त्यातले तांबे जलचरांना घातक असते. धुण्याचा सोडा थोडा थोडा घातला की ते फसफसते आणि तांबे-लोखंड गाळ होऊन तळाशी बसते. गाळ वाळवून डबाबंद ठेवावा आणि घातक कचरा म्हणून द्यावा.