टच मूव्ह आणि इल्लिगल मूव्ह: पहिल्या स्पर्धेत गोंधळात टाकणारे दोन नियम

मोबाइलवर शेकडो डाव खेळलेला मुलगा सभागृहातल्या पहिल्या बुद्धिबळ स्पर्धेला बसतो, तेव्हा चाली त्याला येत असतात. त्याला आवरत नाही तो हात. ॲपमध्ये वजिरावर बोट ठेवून विचार बदलला तर कोणी हरकत घेत नाही, आणि राजाला शह असताना भलतीच चाल करू पाहिली तर ॲप ती होऊच देत नाही. खऱ्या पटावर या दोन्ही सवलती नसतात. त्यामुळे नवख्यांच्या टेबलाजवळ पंचांना बोलावले जाते ते पुष्कळदा ‘टच मूव्ह’ किंवा ‘इल्लिगल मूव्ह’ या तक्रारीसाठी, आणि खेळाडू (व दाराबाहेर ताटकळणारे त्यांचे पालकही) हे दोन शब्द एकाच गुन्ह्याची दोन नावे असल्यासारखे वापरतात. वास्तविक टच मूव्हमध्ये खेळाडूचा हेतू पाहिला जातो आणि मोहऱ्याला हात लागताच तो नियम लागू होतो. इल्लिगल मूव्हमध्ये चाल नियमात बसते का एवढेच पाहिले जाते, आणि तिची नोंद खेळाडूने चाल करून शेजारचे घड्याळ दाबल्यानंतरच होते.

टच मूव्हचा नियम घराघरांत ‘हात लावलास, आता खेळ’ या रूपात माहीत असतो. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या म्हणजे ‘फिडे’च्या नियमांनुसार आपली पाळी असताना आपल्या मोहऱ्याला हेतुपुरस्सर स्पर्श केला तर, शक्य असल्यास, तोच मोहरा खेळावा लागतो, प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्याला स्पर्श केला तर, शक्य असल्यास, तो मारावा लागतो. बाही लागून प्यादे पडले तर तो स्पर्श धरत नाहीत. वाकडा बसलेला मोहरा नीट करायचा असेल तर आपल्या पाळीत, आधी ‘ॲडजस्ट’ म्हणून मगच हात लावायचा. हात लावून झाल्यावर ते उच्चारण्याला काही अर्थ उरत नाही. २०१६ साली मॉस्को येथील कँडिडेट्स म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराने लेवॉन आरोनियनविरुद्धच्या डावात, राजांखेरीज हत्ती आणि प्यादीच उरलेली असताना, राजाला हात लावला आणि मग मोहरा सारखा करत असल्याचे सांगितले. आरोनियनने ते मान्य केले नाही. नाकामुराला राजाच हलवावा लागला आणि तो डाव हरला.

या नियमाचे दुसरे अंग असे की, मोहरा घरात ठेवून हात सोडला की तो त्या चालीत दुसऱ्या घरात नेता येत नाही. मात्र तक्रार करण्याचा हक्क प्रतिस्पर्ध्याने स्वतः एखाद्या मोहऱ्याला हेतुपुरस्सर हात लावेपर्यंतच टिकतो. १९९४ साली स्पेनमधील लिनारेस येथे जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हने घोडा एका घरात ठेवून क्षणार्धासाठी सोडला व पुन्हा उचलून दुसरीकडे नेला. समोर बसलेली सतरा वर्षांची जुडिट पोल्गार काही बोलली नाही, डाव पुढे गेला आणि ती हरली. हात सुटल्याचे नंतर चित्रफितीत दिसले, पण तोवर निकाल लागून गेला होता. सतराव्या वर्षी जगज्जेत्याविरुद्ध पंचांना हाक मारणे सोपे नव्हते, हे मान्य. तरी नवख्या खेळाडूने हात वर करायला संकोचू नये, असे मला वाटते.

टच मूव्हला वेळेचा दंड ठरलेला नाही. हात लावलेला मोहरा खेळावा लागणे हीच त्याची किंमत. इल्लिगल मूव्हचा हिशेब निराळा आहे. शह तसाच ठेवून दुसरी चाल करणे, घोडा चुकीच्या घरात टाकणे, प्यादे शेवटच्या ओळीत पोहोचवून त्याच्या जागी नवा मोहरा न ठेवताच घड्याळ दाबणे, या सगळ्या अवैध चाली आहेत. चाल न करता घड्याळ दाबणे, किंवा एका चालीसाठी दोन्ही हात वापरून घड्याळ दाबणे, यांनाही तोच दंड आहे. पहिल्या चुकीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात (ब्लिट्झ म्हणजे अगदी झटपट डावात एक मिनिट); त्याच खेळाडूची त्याच डावातली दुसरी चूक झाली की तो डाव हरतो. समोरच्याकडे कोणत्याही मार्गाने मात करण्याइतके बळच नसेल, तर मात्र बरोबरी दिली जाते.

किल्लेकोट म्हणजे राजा व हत्ती एकाच चालीत हलवण्याची खास चाल करताना एकच मूल या दोन्ही नियमांत सापडू शकते. आधी हत्तीला आणि मग राजाला हात लावला, तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीत करता येत नाही आणि हत्तीच खेळावा लागतो. ही टच मूव्ह. राजा व हत्ती दोन हातांनी एकदम उचलून घड्याळ दाबले, तर दंड इल्लिगल मूव्हचा. शेवटच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर करताना जादा वजीर हाताशी नसला तर हत्ती उलटा ठेवण्याची घरगुती पद्धतही इथे चालत नाही. उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच धरला जातो, आणि तो तिरपा चालवला की अवैध चाल होते. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडून वजीर मागून घ्यावा.

खरा घोटाळा होतो तो दोन्ही नियम एकाच चालीवर लागू होतात तेव्हा. समजा, पांढरा राजा ई-१ वर, वजीर डी-१ वर आणि उंट एफ-१ वर आहे (अक्षर उभ्या पट्टीचे, आकडा आडव्या ओळीचा). काळ्या हत्तीने ई-८ वरून मोकळ्या पट्टीतून शह दिला, तो पांढऱ्याला दिसला नाही, आणि त्याने वजीर डी-४ वर नेऊन घड्याळ दाबले. पंच वजीर मागे ठेवतात आणि काळ्याला दोन मिनिटे देतात. पांढऱ्याला वाटते, आता उंट ई-२ वर आणून शह झाकावा. तसे करता येत नाही, कारण चाल रद्द झाली तरी स्पर्श रद्द होत नाही. वजिराने शह अडवता येतो तो फक्त ई-२ वर, म्हणून वजीर तिथेच न्यावा लागतो आणि हत्तीच्या बदल्यात गमवावा लागतो. वजिराला शह अडवणारी एकही चाल नसती, तर पांढरा दुसरी कोणतीही वैध चाल करायला मोकळा असता. आणि घड्याळ दाबण्यापूर्वीच शह ध्यानात आला असता, तर दोन मिनिटांचा दंड वाचला असता. वजीर मात्र तरीही वाचला नसता.

तक्रारीची मुदतही दोन्हींत सारखी नाही. क्लासिकल म्हणजे दीर्घ वेळेच्या डावात अवैध चाल डाव संपण्यापूर्वी केव्हाही उघडकीस आली तरी त्या चालीच्या आधीची स्थिती पुन्हा मांडतात. रॅपिड म्हणजे कमी वेळेच्या डावात आणि ब्लिट्झमध्ये प्रत्येक पटावर लक्ष ठेवण्याइतके पंच नसतील, तर आपली पुढची चाल करण्यापूर्वीच हरकत घ्यावी लागते, आणि नवोदितांच्या एकदिवसीय स्पर्धा बहुधा याच प्रकारच्या असतात. टच मूव्हच्या वादात शिवाय पुराव्याची अडचण असते: चुकीच्या घरातला घोडा पंचांना पटावर दिसतो, पण हात लागला होता की नाही हे पट सांगत नाही.