फेरी तोडायची कुठे?

नाशिकची द्राक्षं न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातात, हे कळायला उपग्रह लागत नाही. पण कोणत्या तालुक्यातून किती कंटेनर निघतात आणि हंगाम सरल्यावर तो ओघ किती आटतो, हे ट्रकच्या जीपीएस नोंदींतून मोजता येतं. बंदराचा पृष्ठप्रदेश, म्हणजे जिथून माल बंदरात येतो आणि जिथे बंदरातून जातो तो भाग, असा चाकांच्या खुणांवरून काढता येतो. मात्र सगळी मेख एकाच प्रश्नात आहे: फेरी तोडायची कुठे, म्हणजे एक फेरी संपून दुसरी सुरू झाली असं कुठे धरायचं?

कच्च्या नोंदीत वाहनाचा सांकेतिक क्रमांक, अक्षांश, रेखांश, वेग आणि वेळ एवढंच असतं. दर मिनिटाला एक नोंद धरली, तर एका ट्रकच्या दिवसाला 1,440 ओळी होतात. वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत येते. त्यात साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर पहाटे 2 वाजता गेटवर लागलेला ट्रक आदल्या रात्री साडेआठला दिसतो, आणि गर्दीचे तास साफ चुकतात.

पुढचं काम थांबे ओळखण्याचं. 'वेग शून्य म्हणजे थांबा' हा नियम बंदरात टिकत नाही. रचलेल्या कंटेनरच्या पोलादावर सिग्नल आपटून परततो आणि उभा ट्रक कागदावर इकडेतिकडे उड्या मारतो. त्यापेक्षा '150 मीटरच्या वर्तुळात 30 मिनिटं' असा निकष बरा. तरी गेटबाहेरची रांग इंचाइंचाने सरकते आणि एका फेरीचे तीन तुकडे होतात. म्हणून बंदर, रांगेचा रस्ता आणि पार्किंग यांना नकाशावर एकच कुंपण घालायचं, म्हणजे आतलं सगळं एकच थांबा धरायचं.

आता द्राक्षांचा शीत कंटेनर घ्या. ट्रक बंदराजवळच्या उरण परिसरातल्या यार्डातून रिकामा कंटेनर उचलतो, निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसला (जिथे द्राक्षं पॅक होतात) जातो, भरून परत बंदरात येतो. सुरुवात उरण, शेवट उरण! फक्त दोन टोकं जोडणाऱ्या तक्त्यात सुमारे 400 किलोमीटरची धाव शून्य होते आणि निफाड तालुका नकाशावरून गायब. इथे बंदरापासून सर्वांत दूरचा लांब थांबा हे मालाचं ठिकाण मानावं लागतं. ढाबा मध्ये घुसतोच. पण तो महामार्गाला चिकटून असतो आणि तिथे चारी दिशांचे ट्रक थांबतात. पॅकहाउसला तसं होत नाही.

आयातीत उलटं घडतं. बराचसा माल बंदरातून आधी जवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनला जातो, तिथे कंटेनर उघडतो आणि माल दुसऱ्या ट्रकवर चढतो. पहिल्या ट्रकचं ऐकलं, तर सगळा देश पनवेल-उरणलाच माल मागवतो असं वाटेल! कंटेनर क्रमांकाचाही इथे उपयोग सरतो, कारण डबा मागेच राहतो. पुढचा धागा ई-वे बिलात, म्हणजे माल वाहून नेताना काढाव्या लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्यातच सापडतो.

आणि दिल्लीतल्या तुघलकाबादसारख्या कोरड्या बंदरांकडे, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर डेपोंकडे, जाणारे कंटेनर मालगाडीने जातात. ट्रकच्या नकाशावर दिल्ली फिकी दिसली, तर आधी रेल्वेचे आकडे त्यात मिळवायचे.