ब्रेक्झिटची संसदीय कोंडी

युरोपीय संघ सोडण्याचा कौल सार्वमताने दिल्यानंतर तो कोणत्या अटींवर सोडावा, याबाबत ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये कोणत्याही एका पर्यायामागे बहुमत उभे राहू न शकल्याने निर्माण झालेला घटनात्मक पेच. त्याचा काळ साधारणपणे डिसेंबर २०१८ ते डिसेंबर २०१९ असा मानतात. तथापि जून २०१७ च्या निवडणुकीपासून तो मोजण्याकडेही काही अभ्यासकांचा कल आहे. या काळात सरकारने संघाशी केलेला करार तीनदा फेटाळला गेला, बाहेर पडण्याची तारीख तीनदा पुढे गेली आणि एका पंतप्रधानांना पद सोडावे लागले. संसद, सरकार, न्यायालये व मतदार यांच्यातील अधिकारांची वाटणी हा एरवी कायद्याच्या वर्गांपुरता विषय या वर्षभरात घराघरांत चर्चिला गेला.

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. १९७५ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी सदस्यत्वाला पाठिंबा दिला होता. २३ जून २०१६ च्या सार्वमतात मात्र ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने, तर ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूने पडली, मतदान ७२.२ टक्के झाले. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. लिस्बन तहाच्या अनुच्छेद ५० नुसार बाहेर पडण्याची औपचारिक सूचना २९ मार्च २०१७ रोजी देण्यात आली. त्यामुळे दोन वर्षांची मुदत २९ मार्च २०१९ ला संपणार होती. त्यापूर्वी जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी सूचना देण्यासाठी संसदेचा कायदा आवश्यक आहे, असा निर्णय ८ विरुद्ध ३ मतांनी दिला होता.

कोंडीचे मूळ नेमके कोठे, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ते सार्वमताच्या रचनेतच होते. मतपत्रिकेवर 'राहावे' की 'बाहेर पडावे' एवढेच विचारले होते. बाहेर पडणे म्हणजे नॉर्वेप्रमाणे सामाईक बाजारपेठेत राहून केवळ सदस्यत्व सोडणे, की सर्व संबंध नव्याने ठरवणे, हे मतदाराला सांगितले गेले नव्हते. कायद्याच्या बाजूनेही एक पोकळी होती. निवडणूक पद्धतीवरील २०११ च्या सार्वमताच्या कायद्यात निकाल अमलात कसा आणायचा याची तरतूद होती; युरोपीय संघ सार्वमत अधिनियम, २०१५ मध्ये तशी कोणतीही तरतूद नव्हती. त्यामुळे निकाल राजकीयदृष्ट्या बंधनकारक, पण कायद्याने सल्लावजा अशी स्थिती उद्भवली. दुसरे मत जून २०१७ च्या मध्यावधी निवडणुकीला महत्त्व देते. बहुमत वाढवण्यासाठी पंतप्रधान थेरेसा मे यांनी घेतलेल्या या निवडणुकीत हुजूर पक्ष बहुमत गमावून ३१७ जागांवर आला आणि सरकार उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या (डीयूपी) १० सदस्यांवर अवलंबून राहू लागले.

तिसरे मत आयर्लंडच्या सीमेला केंद्रस्थानी ठेवते, आणि उपलब्ध पुरावा पाहता ते अधिक ग्राह्य वाटते. मे यांनी १७ जानेवारी २०१७ च्या लँकेस्टर हाउस येथील भाषणात सामाईक बाजारपेठ सोडण्याची भूमिका जाहीर केली आणि पूर्ण सीमाशुल्क संघात (सदस्यांमध्ये जकात नाही आणि बाहेरच्या मालावर सर्वांची एकच जकात, अशी व्यवस्था) राहणेही नाकारले. त्याच वेळी आयर्लंड बेटावरील सुमारे ५०० किमी. लांबीच्या सीमेवर तपासणी नाके उभे राहणार नाहीत, असे सरकारचे आश्वासन होते. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्ष मिटवणाऱ्या १० एप्रिल १९९८ च्या बेलफास्ट करारानंतर ही सीमा जवळजवळ अदृश्य झाली होती. उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांच्यामध्ये समुद्रात सीमा नको, ही डीयूपीची अट होती. या तीन गोष्टी एकत्र नांदू शकत नव्हत्या. जकातीची व मालाच्या मानकांची हद्द बदलली, की तपासणी कुठे ना कुठे करावीच लागते. ८ डिसेंबर २०१७ च्या संयुक्त अहवालात ब्रिटन व संघ यांनी हा विरोधाभास शब्दयोजनेने झाकला. पुढे 'बॅकस्टॉप' या नावाने तो करारात उतरला. अन्य तोडगा निघेपर्यंत संपूर्ण ब्रिटनने संघाशी सामाईक जकात क्षेत्रात राहायचे आणि उत्तर आयर्लंडने शिवाय मालाविषयीचे संघाचे नियमही पाळायचे, अशी ही हमी होती. तिच्यातून एकतर्फी बाहेर पडण्याची सोय नव्हती. नंतरच्या जवळजवळ प्रत्येक मतदानात हा मुद्दा आडवा आला. खासदारांच्या हटवादीपणाला सारा दोष देणारी मांडणी लोकप्रिय असली, तरी ती या विसंगतीकडे दुर्लक्ष करते आणि म्हणून अपुरी ठरते.

कॉमन्सला निर्णायक अधिकार मिळाला तो युरोपीय संघ (निर्गमन) अधिनियम, २०१८ च्या कलम १३ मुळे. डिसेंबर २०१७ मध्ये हुजूर पक्षाचेच सदस्य डॉमिनिक ग्रीव्ह यांची दुरुस्ती ३०९ विरुद्ध ३०५ मतांनी संमत झाली आणि करारावर संसदेची मंजुरी घेणे सरकारला टाळता येणार नाही, हे निश्चित झाले. कलमाचा तपशील महत्त्वाचा आहे : निर्गमन करार आणि भावी संबंधांविषयीची राजकीय घोषणा या दोहोंना कॉमन्सची ठरावाद्वारे मान्यता लागे; ती नाकारली गेल्यास सरकारने २१ दिवसांत पुढील दिशा सांगायची. ९ जानेवारी २०१९ रोजी ग्रीव्ह यांच्याच आणखी एका दुरुस्तीने ही मुदत कामकाजाच्या ३ दिवसांवर आणली. ही दुरुस्ती मतास टाकण्याचा सभापती जॉन बर्को यांचा निर्णय प्रस्थापित प्रथेला सोडून होता, असा आक्षेप सरकारपक्षाने घेतला. हा आक्षेप निराधार नव्हता. तथापि सभागृहाचा कल जाणून घेण्याचा मार्ग प्रथेने अडत असेल, तर सभापतीने सभागृहाची बाजू घ्यावी, हे समर्थनही तितकेच वजनदार आहे.

करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. २३० मतांचा हा पराभव आधुनिक काळातील कोणत्याही ब्रिटिश सरकारचा सर्वांत मोठा मानला जातो; विरोधात मत देणाऱ्यांत हुजूर पक्षाचेच ११८ सदस्य होते. दुसऱ्याच दिवशी अविश्वासाचा ठराव मात्र ३२५ विरुद्ध ३०६ असा फसला. सरकारचे प्रमुख धोरण सभागृहाला नको, पण सरकार हवे, अशी ही स्थिती होती. पूर्वी अशा पराभवानंतर पंतप्रधानाने संसद विसर्जित करण्याचा धाक घालता आला असता. २०११ च्या निश्चित मुदत संसद अधिनियमाने तो मार्ग जवळजवळ बंद केला होता. १२ मार्चला करार पुन्हा ३९१ विरुद्ध २४२ मतांनी पडला. १३ मार्चला कराराविना बाहेर पडणेही सभागृहाने नाकारले आणि १४ मार्चला मुदतवाढ मागण्याचा ठराव ४१२ विरुद्ध २०२ मतांनी संमत झाला.

१८ मार्च रोजी बर्को यांनी सभागृहाला एका जुन्या नियमाची आठवण करून दिली : एकदा निकाली निघालेला प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा त्याच स्वरूपात मांडता येत नाही. संसदीय प्रथांचा प्रमाणग्रंथ मानल्या जाणाऱ्या अर्स्किन मे यांच्या ग्रंथात (पहिली आवृत्ती १८४४) या नियमाचा मागोवा २ एप्रिल १६०४ पर्यंत नेला आहे. ही तारीख नियमाच्या जन्माची नव्हे, तर नोंदीची समजणे अधिक सुरक्षित. प्रथा त्याआधीची असावी. बर्को यांनी १८६४, १८७०, १८८२, १८९१ व १९१२ या वर्षांतील सभापतींचे दाखले दिले. १२ मार्चचे मतदान चालले, कारण आदल्या दिवशी स्ट्रासबर्ग येथे करारात काही पूरक दस्तऐवजांची भर पडली होती. तिसऱ्या वेळी असा बदल दाखवणे आवश्यक होते. सरकारने त्यावर काढलेला मार्ग म्हणजे २९ मार्चला राजकीय घोषणा वगळून फक्त निर्गमन करार मतास टाकणे. तोही ३४४ विरुद्ध २८६ मतांनी पडला. काटेकोरपणे पाहता हे कलम १३ खालील मतदान नव्हतेच, कारण त्या कलमाला दोन्ही दस्तऐवजांची मान्यता लागे. म्हणून 'तीन मतदाने' ही रूढ गणना ढोबळ आहे.

दरम्यान २५ मार्चला हुजूर पक्षाचे सदस्य ऑलिव्हर लेटविन यांच्या दुरुस्तीने (३२९ विरुद्ध ३०२) सभागृहाने कामकाजाची सूत्रे सरकारकडून एका दिवसापुरती आपल्याकडे घेतली. २७ मार्चला आठ पर्यायांवर छापील मतपत्रिकांद्वारे कल अजमावण्यात आला; एकालाही बहुमत मिळाले नाही. १ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत सीमाशुल्क संघात राहण्याचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, म्हणजे अवघ्या ३ मतांनी पडला; करारावर दुसरे सार्वमत घेण्याचा पर्याय २८० विरुद्ध २९२ असा पडला. हा प्रकार अगदीच नवा नव्हता. लॉर्ड्स सभागृहाच्या सुधारणेबाबत फेब्रुवारी २००३ मध्येही कॉमन्सने समोरचे सर्व पर्याय नाकारले होते.

या निकालांचा अर्थ लावताना फ्रेंच गणितज्ञ काँदोर्से (अठरावे शतक) यांच्या विरोधाभासाचा दाखला वारंवार दिला जातो : तीन किंवा अधिक पर्यायांत अ हा ब ला, ब हा क ला आणि क हा अ ला हरवतो, असे चक्र बहुमताच्या निर्णयात संभवते. परंतु कॉमन्समध्ये पर्यायांची एकमेकांशी तुलना झालीच नाही. प्रत्येकावर स्वतंत्रपणे 'हो' किंवा 'नाही' एवढेच विचारले गेले. त्यामुळे चक्र होते असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. दुसऱ्या पसंतीला नकार दिला तर पहिली पसंती पदरात पडेल, या हिशेबाने बरेच सदस्य वागले, हे स्पष्टीकरण अधिक पटते. सीमाशुल्क संघाच्या ठरावावर मुळात ब्रेक्झिटच नको असलेला स्कॉटिश नॅशनल पक्ष तटस्थ राहिला, ही बाब याला पुष्टी देते. करार पाडला की पूर्ण फारकत होईल असे एका गटाला वाटत होते, तर करार पाडला की ब्रेक्झिटच टळेल असे दुसऱ्याला. दोघेही एकाच दालनातून विरोधी मत देऊन बाहेर पडत. पसंतीक्रमाने मतदान घेण्याची सूचना पुढे आली होती, पण ती अमलात आली नाही. ती स्वीकारली असती, तर निदान सभागृहाचे खरे मत काय होते हे देशाला कळले असते.

सार्वजनिक वाद मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरला : सार्वमतानंतर अंतिम शब्द कोणाचा? प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप्या नव्हे, त्याने स्वतःची विवेकबुद्धी वापरावी, हा एडमंड बर्क यांनी १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांसमोर मांडलेला विचार राहण्याच्या बाजूच्या लेखकांनी पुढे केला. उलट बाजूचा युक्तिवाद असा, की संसदेने स्वतः कायदा करून निर्णय जनतेकडे सोपवला. आता तो परत घेणे हा विश्वासभंग होय. संसदेच्या सार्वभौमत्वाचे भाष्यकार ए. व्ही. डायसी यांनीच आयर्लंडच्या स्वराज्याच्या वादात सार्वमताचा पुरस्कार केला होता, ही गोष्ट दोन्ही बाजूंना अडचणीची ठरते. वादाची भाषा लवकरच कडवट झाली. संसदेच्या संमतीशिवाय बाहेर पडण्याची सूचना देता येणार नाही, असा निर्णय देणाऱ्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना 'डेली मेल' या वृत्तपत्राने नोव्हेंबर २०१६ मध्येच 'जनतेचे शत्रू' म्हटले होते. २० मार्च २०१९ रोजी दूरचित्रवाणीवरून बोलताना मे यांनी विलंबाचे खापर खासदारांवर फोडले आणि आपण जनतेच्या बाजूने असल्याचे सांगितले. ज्या सभागृहाची मते हवी होती त्यालाच दुखावणारे हे भाषण होते. जून २०१६ मध्ये खासदार जो कॉक्स यांची हत्या झालेली असताना खासदारांना जनतेविरुद्ध उभे करणे ही गंभीर चूक होती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. मार्च २०१९ मध्येच अनुच्छेद ५० खालील सूचना मागे घेण्याची मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर सुमारे ६१ लाख सह्या झाल्या. २३ मार्चच्या लंडनमधील मोर्चाला आयोजकांच्या मते दहा लाख लोक होते. स्वतंत्र अंदाज बरेच कमी आहेत.

मतदानाच्या हक्काची व्याप्तीही वादात होती. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना २०१६ मध्ये मत देता आले. त्यामुळे तेथील भारतीय नागरिक, आणि त्यांत मराठी भाषकही, मतदार होते. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन स्विंडन व लंडनच्या परिसरात स्थायिक झालेले गोमंतकीय मात्र युरोपीय संघाचे नागरिक या नात्याने मतदानापासून वंचित राहिले. एकाच मुलखातून आलेल्या शेजाऱ्यांपैकी भारतीय पारपत्रवाला मतदार आणि पोर्तुगीज पारपत्रवाला नव्हे, असा हा भेद होता. कोंडीच्या महिन्यांत निवासाच्या हक्काची टांगती तलवार होती ती नेमकी याच दुसऱ्या गटावर.

मे यांच्यानंतर २४ जुलै २०१९ रोजी बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. त्यांच्या सल्ल्यावरून झालेली संसदेची सत्रसमाप्ती (अधिवेशन संपवून कामकाज थांबवणे) सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने बेकायदा ठरवली. त्याआधीच संसदेने मुदतवाढ मागणे पंतप्रधानावर बंधनकारक करणारा कायदा केला होता. त्या प्रक्रियेत सरकारविरुद्ध मत देणाऱ्या हुजूर पक्षाच्या २१ सदस्यांना संसदीय पक्षातून दूर करण्यात आले. ऑक्टोबरमध्ये बॅकस्टॉपऐवजी आयरिश समुद्रात तपासणी मान्य करणारा नवा करार झाला. २२ ऑक्टोबरला त्याचे विधेयक दुसऱ्या वाचनात ३२९ विरुद्ध २९९ मतांनी पुढे गेले. चर्चा तीन दिवसांत उरकण्याचे वेळापत्रक मात्र सभागृहाने नाकारले.

१२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या आणि ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडला. दुसऱ्या सार्वमताची भाषा करणाऱ्या पक्षांची एकत्रित मते या निवडणुकीत निम्म्याहून थोडी अधिक होती. म्हणजे कोंडी जागांच्या हिशेबाने फुटली, मतांच्या नव्हे. निश्चित मुदत संसद अधिनियम २०२२ मध्ये रद्द झाला. समुद्रातील सीमेला विरोध म्हणून डीयूपीने फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या सरकारातून अंग काढून घेतले. ही तपासणी सौम्य करणाऱ्या ब्रिटन व संघ यांच्यातील २०२३ च्या विंडसर आराखड्यानेही तो पक्ष लगेच परतला नाही, आणि बेलफास्टमधील सरकार फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा स्थापन झाले.