पिंग वाढला की मायक्रोवेव्हच्या नावाने खडे कशाला?

‘आमचा टॉवर फायबरवर नाही, मायक्रोवेव्हवर आहे, म्हणून पिंग जास्त येतो. लहर हवेतून जाते ना, वेळ लागणारच!’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. (पिंग म्हणजे डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ.)

फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाश नेणारी केबल, सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. मायक्रोवेव्ह म्हणजे टॉवरवरचे ते गोल ढोल. (उभ्या लांबट पेट्या तुमच्या फोनशी बोलतात, ढोल पुढच्या टॉवरशी. निदान हे दोन तरी एक समजू नका.) फायबर काय, मायक्रोवेव्ह काय, काम दोघांचं सारखंच: टॉवरवरचा डेटा मुख्य नेटवर्कपर्यंत नेणं आणि तिकडचा परत आणणं.

घोळ होतो तो ‘स्पीड’ या शब्दामुळे. एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पोचायला किती वेळ लागतो ती लेटन्सी. सेकंदाला एकूण किती डेटा जातो ती क्षमता. लोक दोन्हींना स्पीडच म्हणतात आणि फसतात.

हवेत रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. काचेत प्रकाश मंदावतो, साधारण २ लाखांवर येतो. म्हणजे ३० किलोमीटरला लहरीला ०.१ मिलिसेकंद, तर तेवढ्याच लांबीच्या फायबरला ०.१५. त्यातही लहर नाकासमोर जाते, फायबर रस्त्याच्या कडेने वळणं घेत. शिकागो आणि न्यू जर्सीच्या बाजारांमध्ये मायक्रोसेकंदांसाठी भांडणारे व्यापारी हाताशी फायबर असून मायक्रोवेव्हचे मनोरे वापरतात, ते उगाच नाही.

मग पिंग का वाढतो? क्षमता कमी म्हणून. २८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमधून, २५६ क्वाम मॉड्युलेशनवर (मॉड्युलेशन म्हणजे लहरीवर डेटा चढवायची पद्धत), सेकंदाला फार तर २०० मेगाबिटच्या आसपास निघतात. फायबरला १० गिगाबिट म्हणजे किरकोळ काम. त्यात जोराचा पाऊस आला की सिग्नल क्षीण होतो. लिंक तुटू नये म्हणून रेडिओ मॉड्युलेशन उतरवतो: लहरीच्या एका ठोक्यात, म्हणजे सिम्बॉलमध्ये, ८ बिट जात होते, तिथे २ जातात. क्षमता पाव झाली, पॅकेटं मात्र तेवढीच येतायत. ती दारात ताटकळतात आणि तुम्हाला पिंग चढलेला दिसतो. लहरीचा वेग तसूभरही कमी झालेला नसतो. टॉवरमागून टॉवर अशी लांबलचक साखळी असेल तर प्रत्येक टप्प्यावरच्या यंत्राचा थोडा विलंब साचतो, एवढं मान्य.

मायक्रोवेव्हचाच वरचा पट्टा, ७१ ते ८६ गिगाहर्ट्झमधला ई-बँड, १० गिगाबिटपर्यंत जातो, पण थोड्याच किलोमीटरांपुरता. पावसापुढे तो आणखी हळवा.

खोदायची सोय असेल तर माझं मत डोळे मिटून फायबरला. तरीही ढोल उतरवू नका. खोदकामाच्या यंत्राने केबल उचकटली की हा ढोलच टॉवरला जिवंत ठेवतो.

लांब अंतरामुळेच पिंग वाढल्याचं उदाहरण हवं असेल, तर ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाकडे बघा. नुसतं वर जाऊन खाली यायला तिथे जवळजवळ पाव सेकंद जातो.