जीभ थरथरते तेव्हा नक्की काय होतं? सिचुआनचा हुआजियाओ आणि कोकणातलं तिरफळ

गाडीवरचा शेजवान राइस, शेजवान डोसा, आता तर शेजवान वडापाव, हे सगळं खाऊन मोठा झालेला माणूस चेंगडूला, म्हणजे चीनच्या ज्या सिचुआन प्रांतावरून 'शेजवान' हे नाव आलं त्याच्या राजधानीत, जाऊन हॉटपॉटसमोर बसला की त्याला वाटतं आपल्याला काय, आपण तर तिखट खाणारी माणसं. टेबलातच बसवलेलं पातेलं, खाली आच, वर लालभडक तेल, त्यात मिरच्या आणि मूठभर तपकिरी दाणे तरंगतायत, आणि आपण त्यात मशरूम नाहीतर टोफू बुडवून खायचा. पहिल्या घासाला तिखट लागतं, ते ओळखीचंच असतं. मग अर्ध्या-एक मिनिटात ओठ थरथरायला लागतात, जिभेचं टोक झिणझिणतं, तोंडात पाणी सुटतं, आणि नंतर अर्धं तोंड बधिर. साधं पाणी प्यायलं तरी ते सोड्यासारखं, काहीतरी विचित्रच लागतं. पहिल्यांदा खाणारे बरेच जण घाबरतात, अ‍ॅलर्जी वगैरे आली की काय म्हणून.

अ‍ॅलर्जी नसते ती. ते काम त्या तपकिरी दाण्यांचं, म्हणजे हुआजियाओचं. आपल्याकडच्या बाटलीतल्या शेजवान चटणीत लाल मिरची असते, लसूण असतो, व्हिनेगर असतं, पण हा दाणा बहुतेक वेळा नसतोच, त्यामुळे सिचुआनच्या जेवणाची अर्धी गोष्ट आपल्यापर्यंत पोचलेलीच नाही. तिथे या जेवणाला 'माला' म्हणतात, त्यातला 'ला' तिखटाचा आणि 'मा' या झिणझिण्यांचा.

इंग्रजीत याला सिचुआनची मिरी म्हणतात खरं, पण काळ्या मिरीशी याचं काही नातं नाही. काळी मिरी वेलीवर येते, हे काटेरी झाड आणि घराणं लिंबाचं, रुटेसी. आपला कढीपत्ता, बेल, संत्रं सगळे याच घरातले. म्हणून तर हुआजियाओचा डबा उघडला की आधी लिंबाच्या सालीसारखा वास येतो. या नात्यापायी त्याला शिक्षाही झालीये. लिंबू-संत्र्यांवर कँकर नावाचा जिवाणूजन्य रोग पडतो, तो या दाण्यांबरोबर देशात येईल या भीतीनं अमेरिकेनं १९६८ पासून २००५ पर्यंत हुआजियाओ आयात करायला बंदी घातली होती, नंतर मग दाणे गरम करून रोगजंतू मारायच्या अटीवर ती उठवली. म्हणजे इतकी वर्षं तिथल्या हॉटेलांत सिचुआनी म्हणून जे काही मिळत होतं त्याचं काय असेल ते बघा.

आणि एक गंमत. मिरची ही सिचुआनची नाहीच, ती अमेरिका खंडातून आलेली, आपल्याकडे आली तशीच. चीनमध्ये मिरचीचा लेखी उल्लेख थेट १५९१ सालचा, आणि सिचुआनच्या घराघरात ती रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. हुआजियाओ मात्र तिथे दोन हजार वर्षांहून जुना. हान राजघराण्याच्या काळात राणीच्या महालाच्या भिंती लिंपायच्या मातीत हे दाणे कालवायचे, वास यावा, ऊब राहावी, आणि दाण्यांचे घोस लगडतात तशी मुलंबाळं व्हावीत म्हणून. सिचुआनमधल्या हानयुआनचा हुआजियाओ तर सम्राटाला नजराणा म्हणून जायचा. म्हणजे झिणझिण्या आधी आणि तिखट मागाहून, आज आपल्याला ते उलटं वाटतं इतकंच.

आता मुद्द्याकडे येऊ, कारण मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की ही झिणझिण चव नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू, उमामी यांच्यात ती कुठेच बसत नाही. तिखट पण चव नाही हे बऱ्याच जणांना आता माहीत असतं. तोंडात आणि कातडीत ट्रिपव्ही१ नावाचं एक प्रथिन असतं, तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते उघडतं आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्साइसिन तेच दार उघडतं, त्यामुळे थंडगार मिरची खाल्ली तरी मेंदूला वाटतं तोंड भाजतंय. हे दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्धं त्यांना आणि अर्धं आर्डेम पॅटापूशियन यांना, ज्यांनी दाबाची, स्पर्शाची जाणीव करून देणारी प्रथिनं शोधली.

म्हणजे मिरची उष्णतेची जाणीव फसवते. मग हुआजियाओ कुणाला फसवतो? स्पर्शाला.

दाण्याच्या सालीत सांशूल नावाचे रेणू असतात, त्यातला मुख्य हायड्रॉक्सी-अल्फा-सांशूल. २००८ मध्ये ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेनं, डायना बाउटिस्टा आणि सहकाऱ्यांनी, तो नसांना काय करतो ते दाखवलं. मज्जापेशी शांत बसलेली असते तेव्हाही तिच्यातून पोटॅशियमचे आयन बारीक छिद्रांतून हळूहळू बाहेर झिरपत असतात, आणि त्या झिरपण्यामुळेच पेशीच्या आतली बाजू ऋण राहते, म्हणजे ती गप्प राहते. सांशूल ही छिद्रं बुजवतो. झिरपणं थांबलं की आतला ऋण भार कमी होतो, पेशी अस्वस्थ होते आणि कुणीही हात न लावता संदेश पाठवायला लागते. लक्षात घ्या, मिरची बंद दार उघडते आणि हुआजियाओ उघडं दार बंद करतो, दोन्ही वेळा ओरडा मात्र नसच करते. यात स्पर्शाच्या नसा असतात, म्हणून मेंदूला कळतं की ओठावर काहीतरी हलतंय. प्रत्यक्षात ओठ जागच्या जागी असतो. पायाला मुंग्या येतात तेव्हा पायावर एकही मुंगी नसते, तसंच हे.

मग काही लोकांना पुढचा प्रश्न पडला, आणि मला हा प्रश्नच फार आवडतो, की हलतंय असं वाटतं ना, तर किती वेगानं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या नोबुहिरो हागुरा, पॅट्रिक हॅगर्ड वगैरे मंडळींनी २०१३ मध्ये हे मोजलं. पद्धत एकदम साधी, लोकांच्या ओठांना हुआजियाओची पूड लावली आणि त्याच वेळी बोटाखाली कंप पावणारं एक यंत्र ठेवलं, आणि विचारलं की ओठातली थरथर जास्त जलद आहे की बोटाखालची. यंत्राचा वेग कमी-जास्त करत करत दोन्ही जुळले ते सेकंदाला साधारण ५० कंपांवर, म्हणजे ५० हर्ट्झ. आपल्या घरातली वीजही ५० हर्ट्झची, पण तो निव्वळ योगायोग, त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवू नका.

५० या आकड्याला महत्त्व का, तर कातडीत स्पर्शासाठी एकच तार नसते, तीन-चार वेगवेगळ्या असतात. एक सतत दाबून धरलेलं ओळखते, एक खूप जलद कंप ओळखते, आणि एक मधल्या वेगाची हलकी फडफड, म्हणजे कापडावरून बोट फिरवलं की जे जाणवतं ते. ५० हर्ट्झ हा बरोबर या तिसऱ्या तारेच्या हद्दीतला. खात्री करायला त्यांनी आणखी एक केलं, ओठाला आधी बराच वेळ यंत्रानं कंप देऊन ही तार दमवली, तर नंतर हुआजियाओची थरथरही मंद वाटायला लागली. म्हणजे सांशूल वापरतो ती तार हीच. जेवणातल्या एखाद्या पदार्थाला स्वतःची फ्रिक्वेन्सी असावी हे ऐकायला अतिशयोक्ती वाटते, पण मोजलेलं आहे.

आणि बधिरपणाचं काय? सांशूलची ही दुसरी बाजू. २०१३ मध्येच बाउटिस्टा यांच्या बर्कलीतल्या गटानं उंदरांवर दाखवलं की सांशूल टोचल्या-बोचल्याची वेदना वाहून नेणाऱ्या नसांमधले सोडियमचे मार्ग अडवतो. सोडियमचे मार्ग अडवणं म्हणजे दाताच्या डॉक्टरचं भुलीचं इंजेक्शन जे करतं त्याच जातीचं काम. उत्तर अमेरिकेत या झाडाच्या एका नातेवाइकाला दातदुखीचं झाडच म्हणतात, तिथले मूळ रहिवासी त्याची साल चघळायचे. आपल्याकडे उत्तराखंडात टिमरूच्या काटेरी काडीचं दातण करतात, ते पण याच वंशाचं. कुणी कुणाला सांगायला गेलं नव्हतं, दात दुखला आणि ज्याला त्याला आपापल्या जंगलात सापडलं.

लोक म्हणतात हुआजियाओनं तोंड बधिर झालं की मिरची जास्त खाता येते, म्हणून ही जोडी जमली. ऐकायला छान आहे, पण मिरचीची आग ज्या नसांतून जाते त्या बऱ्याच वेगळ्या, तेव्हा मी तरी यावर फार भरवसा ठेवणार नाही. मला वाटतं लोकांना ती थरथरच आवडते, आणि आवडायला दुसरं कारण लागतंच असं नाही.

या झाडाचे भाऊबंद आशियाभर पसरलेत. जपानमध्ये सांशो, सांशूल हे नावच त्यावरून पडलं. तिथे जुलैच्या शेवटाला ऐन उकाड्यात, जपानी पंचांगातल्या दोयोच्या बैलाच्या दिवशी भाजलेला उनागी, म्हणजे ईल मासा, खायची पद्धत आहे आणि त्यावर सांशोची हिरवट पूड हवीच, आणि नवीन वर्षाला तोसो नावाची जी मसालेदार साके पितात त्यातही सांशो पडतो. नेपाळात टिमुर, मोमोच्या चटणीत टिमुर असला की ती चटणी लगेच ओळखू येते. सुमात्रात तोबा सरोवराच्या आसपास राहणारे बटाक लोक अंदालिमान वापरतात, त्यांच्या लग्नकार्यात आर्सिक नावाचा मासा लागतो आणि अंदालिमानशिवाय तो आर्सिक होत नाही.

आणि कोकण-गोव्यात तिरफळ. गोव्यात तेफळ. बांगड्याच्या तिखल्यात किंवा तारल्यांच्या आमटीत चार-सहा तिरफळं ठेचून टाकतात तेच हे, आणि हे वाचणाऱ्या मालवणी माणसाला मी वरचं सगळं पाल्हाळ लावलं तेव्हाच कळलं असणार. झाड चांगलं उंच, बुंध्यावर जाड शंकूसारखे काटे, त्यामुळे काढणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पावसाळ्यात हिरवे घोस येतात, मग वाळवून वर्षभर. शाकाहारी लोकांनी नाराज व्हायचं कारण नाही, चतुर्थीला गोव्यात जे खतखतं करतात त्यात तिरफळ नसेल तर ते नुसतीच भाज्यांची आमटी. पुण्यातल्या दुकानात मागताना मात्र नीट सांगा, नाहीतर हातात त्रिफळा चूर्ण पडेल आणि त्याचा परिणाम वेगळ्याच ठिकाणी होईल.

तिरफळाची झिणझिण हुआजियाओपेक्षा सौम्य आणि वास जास्त उग्र, रानटी म्हणा हवं तर. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं बिनधास्त टाकता येत नाही, मापो टोफूत, म्हणजे सिचुआनच्या टोफूच्या झणझणीत रश्श्यात, तिरफळ घालून बघितलं तर खाण्यासारखं होतं पण मापो टोफू होत नाही. वापरायची अक्कल मात्र सगळीकडे एकच निघते. फळ वाळलं की उकलतं, आत काळी चकचकीत बी असते, ती चवीला काही नाही आणि दाताखाली वाळूसारखी कचकचते, तेव्हा ती फेकायची आणि साल ठेवायची, कारण वास आणि सांशूल दोन्ही सालीत. चेंगडूतली बाई हेच करते आणि वेंगुर्ल्यातलीही. मालवणी स्वयंपाकात तिरफळ वाटणात बारीक वाटत नाहीत, नुसतं ठेचून शेवटी आमटीत सोडतात आणि खाताना बाजूला काढतात, यात पण शहाणपण आहे, कारण वासाचे रेणू उडून जाणारे असतात, आधी टाकून तासभर उकळलं तर स्वयंपाकघराला वास आणि ताटात काही नाही. सांशूल स्वतः पाण्यापेक्षा तेलात चांगला विरघळतो, आमटीला खोबऱ्याचं तेल असतं, सिचुआनला लागून असलेल्या चोंगचिंग शहराच्या हॉटपॉटला चरबी.

त्या चरबीबद्दल जाता जाता, कारण आपल्या लोकांना हे तिथे कुणी सांगत नाही: चोंगचिंग पद्धतीचा लाल रस्सा सहसा बीफच्या चरबीत केलेला असतो, त्यामुळे वरून कितीही पालेभाजी आणि टोफू टाकला तरी तो शाकाहारी होत नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारावं. दोन खणांचं पातेलं मिळतं, एका बाजूला लाल आणि दुसरीकडे पांढरा साधा रस्सा, पण पांढरा पण बहुतेकदा हाडांचा किंवा कोंबडीचा असतो, तेव्हा तिथेही विचारायचंच. झिणझिण्या नकोच असतील तर 'बू याओ हुआजियाओ' म्हणायचं, आणि तिखट कमी हवं तर 'वेइ ला', फक्त त्यांचं कमी आणि आपलं कमी यात फरक आहे. बुडवून खायला वाटीत तिळाचं तेल आणि लसूण देतात, तेलावर तेल कशाला असं वाटतं, पण कॅप्साइसिन तेलात विरघळतं त्यामुळे घास त्या वाटीतून काढला की तिखटाचा थोडा भाग वाटीतच राहतो.

घरी आणलात तर लक्षात ठेवा, सांशूल नाजूक आहे, हवा आणि उजेड लागला की बिघडतो. काचेच्या बरणीत ओट्यावर शोभेला ठेवलेला हुआजियाओ काही महिन्यांनी नुसता लाकडाचा भुसा होतो. घट्ट डबा, अंधार, जमलं तर फ्रीजर, आणि पूड लागेल तेवढीच, आदल्या मिनिटाला करायची, कोरड्या तव्यावर जरा शेकून.

आणि एक प्रयोग कुणालाही करता येईल. तिरफळाची किंवा हुआजियाओची एक साल समोरच्या दातांनी चावून ओठाला लागू द्या, मिनिटभर थांबा, थरथर सुरू झाली की त्या जागी बोटानं ओठ दाबून धरा. थरथर मंदावते. हॅगर्ड यांच्याच गटानं नंतर हे मोजून दाखवलंय, सततच्या दाबाची तार चालू झाली की ती फडफडीच्या तारेला मागे रेटते, म्हणजे एक स्पर्श दुसऱ्या स्पर्शाला दाबतो, आणि हे ओठात नाही तर पुढे मज्जासंस्थेत कुठेतरी घडतं असं त्यांचं म्हणणं. बोट काढलं की थरथर परत सुरू.